टक्केवारीत न बसणाऱ्या मुलांसाठी वर्गातली रोज दहा मिनिटं हवीत

प्रति,
मा. शिक्षण आयुक्त, महाराष्ट्र राज्य,
तसेच सर्व जिल्हा परिषदांचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक), गटशिक्षणाधिकारी आणि केंद्रप्रमुख

विषय : बोलण्यात अडचण असलेल्या मुलांना वर्गातच मदत मिळण्याबाबत

महोदय / महोदया,

हे पत्र ज्या मुलांबद्दल आहे ती बहुधा आपल्या कुठल्याच तक्त्यात सापडणार नाहीत. दुसरीत गेला तरी 'काका'ला 'ताता' आणि 'गाडी'ला 'दादी' म्हणणारा मुलगा. हजेरी घेताना आपलं नाव जवळ आलं की जिचा घसा आवळतो आणि 'हजर'मधला 'ह' बाहेरच पडत नाही अशी मुलगी. सगळे हसले की हसणारा, सगळे उठले की उठणारा, पण 'काल जत्रेत काय पाहिलंस' म्हटलं की 'पाळणा... खूप' यापुढे न जाणारा पोरगा. यांना ऐकू येतं, बुद्धी ठीक आहे, चालतात, पळतात. त्यामुळे तालुक्याच्या गावी दिव्यांग तपासणी शिबिर भरतं तेव्हा अशी मुलं रांगेत तासभर उभी राहतात आणि 'अपात्र' असा शेरा घेऊन घरी जातात.

शेरा चुकीचा नसतो, हे मी स्पीच थेरपिस्ट म्हणून आधीच सांगते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि त्यात वाचा व भाषा दिव्यांगत्व आहेही. पण त्याची व्याख्या कायमस्वरूपी दोषाची आहे. स्वरयंत्र काढून टाकावं लागणं किंवा मेंदूच्या आजारात भाषा जाणं, अशी शारीरिक किंवा मज्जासंस्थेची कारणं तिथे धरलेली आहेत. त्यापुढे लाभांसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्वाची अट. सात वर्षांच्या मुलाला न येणारा 'क' यात कुठे बसवणार? तो कायमचा नाही, हीच तर चांगली बातमी आहे! प्रमाणपत्र हे पेन्शन, आरक्षण, प्रवास सवलत यांसाठी असतं आणि तिथे टक्केवारी लागणारच. माझी तक्रार वेगळी आहे. शाळेतली मदतही आपण त्याच टक्केवारीने मोजायला लागलो आहोत. ज्याला प्रमाणपत्र नाही तो विशेष शिक्षकाच्या यादीत नाही, आणि यादीत नाही म्हणजे त्याला अडचणच नाही, असं सगळं सोयीचं गणित बसलं आहे.

ही मुलं थोडीथोडकी नाहीत. दुसरं कुठलंही कारण नसताना फक्त भाषेतच मागे पडणारी मुलं शंभरात सात असतात, असं इंग्लंडमधल्या शाळांच्या पाहणीत दिसलं आहे. तिशीच्या वर्गात दोन. लहानपणी कधी ना कधी बोलताना अडखळणारी मुलं शंभरात साधारण पाच. त्यातल्या बऱ्याच जणांचं अडखळणं आपोआप जातं, एखाद्याचं राहतं, आणि राहणाऱ्यांत मुलगे जास्त.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली सुरू झाला तो आपल्या पालघरमधूनच. त्याची फिरती पथकं वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येतात, शंका आली तर जिल्हा रुग्णालयातल्या केंद्राकडे चिठ्ठी देतात. योजना चांगली आहे. पण स्पीच थेरपी म्हणजे एकदा जाऊन औषध आणण्याची गोष्ट नव्हे, ती आठवड्यामागून आठवडे चालते. दोन एस.टी. बदलून, रोज बुडवून जिल्ह्याला येणारी आई दोनदा येते, तिसऱ्यांदा कापसाची वेचणी असते. मी तिला दोष देत नाही. मूल दिवसाचे पाच-सहा तास शाळेत असतं, तिथेच त्याला बोलावं लागतं आणि तिथेच त्याला हसतात. उपचारही तिथेच व्हायला हवा. शिक्षकांना माझं काम शिकवून डॉक्टर करा असं मी म्हणत नाही. वर्गात काय करता येतं ते थोडं तपशिलाने सांगते, म्हणजे मी काय मागते आहे ते कळेल.

'क' घेऊ. ज्याला 'क' येत नाही त्याला 'नीट बोल, क म्हण, क' असं शंभरदा म्हटल्याने तो येत नाही. बऱ्याचदा त्याच्या कानाला आपण 'क'च म्हणालो असं वाटत असतं. म्हणून मी दोन कार्डं काढते, एकावर कार आणि दुसऱ्यावर तार. आधी मी बोलते, तो उचलतो. चार-पाच फेऱ्यांत फरक कानाला कळला की पाळी उलटते. तो बोलणार, शेजारचा मित्र उचलणार. त्याला हवी असते कार, तोंडातून निघते 'तार', मित्र इमानदारीत तारेचं कार्ड पुढे करतो. पोरगा चिडतो, पुन्हा म्हणतो, पुन्हा तार. त्या चिडण्यात खरं काम सुरू होतं, कारण आता 'क' त्याला स्वतःला हवा असतो. मग हात स्वच्छ धुवून त्याचंच बोट खालच्या दातांमागे जिभेच्या टोकावर ठेवायला सांगायचं, मान थोडी मागे, पाणी न घेता गुळणी करायची आणि 'क' म्हणायचं. टोक दाबलेलं असल्यामुळे जिभेला मागून उठण्यावाचून गत्यंतर नसतं. पहिला 'क' घशातून खरवडल्यासारखा येतो. येऊ द्या. नंतर का, के, कू. मग 'कप', मग शेवटी 'क' असलेला 'नाक', मग मधला 'मोकळा', मग वाक्य. शब्दांपर्यंत मी आणून देते. शब्दापासून गप्पांपर्यंतचा टप्पा सगळ्यात लांबचा असतो आणि तो माझ्या हातात नाही, कारण दिवसभर त्याचं बोलणं मी ऐकत नाही, बाई ऐकतात. 'र'साठी रस आणि लस ही जोडी चालते. "तुला रस हवा की लस?" म्हटलं की सगळा वर्ग हसतो आणि त्या हसण्यात ते पोरही सामील असतं, हे महत्त्वाचं.

कशाला धावपळ करायची नाही हेही शिक्षकांना कळलं पाहिजे. 'क' आणि 'ग' साधारण चार वर्षांपर्यंत बसायला हवेत, पण 'र', 'ळ', 'श' यांना आणखी दोन-तीन वर्षं लागली तरी बिघडत नाही. बालवाडीतल्या मुलाच्या 'लाजा'ला ('राजा' म्हणायचं असतं त्याला) मी हात लावत नाही. आणि खानदेश-वऱ्हाडात ज्या गावी आख्खं गाव 'डोळा'ला 'डोया' म्हणतं त्या गावच्या मुलाला 'ळ'ची थेरपी द्यायची नसते. 'पानी' म्हणणारं मूलही आजारी नाही. ती त्याच्या घरची बोली आहे. प्रमाण 'ळ' आणि 'ण' त्याला शाळेतली दुसरी तऱ्हा म्हणून शिकवा, पण शेरा मारू नका. मेळघाटात कोरकू, नंदुरबारला भिली-पावरी, तांड्यावर गोरबोली घरी बोलणारं मूल पहिलीत मराठीत गप्प असेल तर त्याला भाषेचा दोष आहे असं ठरवण्याआधी आईला एकच विचारा : घरी, घरच्या भाषेत, हा त्याच्या भावंडांसारखाच बोलतो का? आजीलाही त्याचं बोलणं दोनदा विचारून घ्यावं लागत असेल तर मात्र माझ्याकडे पाठवा.

जाता जाता एक. जिभेला वेखंड लावणं, जिभेखालची शीर कापून आणणं, शिट्ट्या वाजवणं, फुगे फुगवणं, मेणबत्त्या विझवणं. पहिल्या दोन गोष्टी गावात चालतात, उरलेल्या आमच्याच व्यवसायातले काही लोक शहरात फी घेऊन करून घेतात. नुसत्या फुंकरीच्या व्यायामाने अक्षरं सुधारतात याला पुरावा नाही. बोलणं बोलूनच सुधारतं. 'काळे राळे गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले' हे स्नेहसंमेलनात धमाल आहे, पण ज्याला 'र' येत नाही त्याला ते सर्वांसमोर म्हणायला लावणं हा उपचार नव्हे.

आणि या सगळ्याच्या आधी कान. बोलणं अस्पष्ट असलेल्या प्रत्येक मुलाची श्रवण तपासणी झालीच पाहिजे, विशेषतः ज्याचा कान वाहतो त्याची. ज्यांना सरकारी योजनेतून श्रवणयंत्र मिळालंय त्यांच्याबाबतीत तर रोज सकाळी अर्धं मिनिट पुरतं. शिक्षकांनी मुलाच्या मागे उभं राहून सहा आवाज काढायचे : आ, ई, ऊ, म, श, स. मुलाने मागोमाग म्हणायचे. कालपर्यंत 'स' ऐकू येत होता आणि आज येत नाही, तर यंत्र बघायचं. बहुधा सेल संपलेला असतो. तो बटणाएवढा सेल आठवडा-दोन आठवड्यांत संपतो, तालुक्यालाही सहज मिळत नाही, म्हणून यंत्र दप्तराच्या खणात पेन्सिलीच्या सालींबरोबर पडून राहतं आणि कागदोपत्री मुलाला 'साहित्य वाटप' झालेलं असतं. पावसाळ्यात नळीत दमट बाष्प साचतं, तेव्हा रात्री सिलिका जेलच्या पुडीबरोबर बंद डबीत ठेवलं की पुष्कळ दिवस निभतं. यंत्राचं वाटप करणाऱ्या यंत्रणेने वर्षभराचे सेल का देऊ नयेत, हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेलं नाही.

आता भाषा. उच्चार स्वच्छ, पण वाक्य जुळत नाही, सूचना समजत नाही, असं मूल ओळखायला सगळ्यात अवघड. 'मराठीचं पुस्तक काढा, बारावं पान उघडा, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर वहीत लिहा' म्हटल्यावर त्याच्याकडे पाहा. ते आधी शेजाऱ्याकडे बघतं, शेजाऱ्याने कुठलं पुस्तक काढलं ते पाहून मग आपलं काढतं. नेहमी अर्धा क्षण उशिरा. याला आपण लक्ष नाही म्हणतो, नक्कल करतो म्हणतो. खरं तर ते फार हुशारीने निभावून नेत असतं. सूचना तोडून द्या, एक झाली की दुसरी. पुस्तक हातात धरून दाखवा. प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात पाचपर्यंत मोजा, मगच दुसऱ्याकडे वळा; वर्गात ते पाच आकडे फार लांब वाटतात, तरी मोजा.

चुकलं तर सुधारू नका, परत म्हणा. मूल म्हणालं, "बाई, म्हैस आला." त्यावर "आला नाही, आली म्हण" असं म्हटलं की ते पुढचं सांगतच नाही. "हो का, म्हैस आली? कुठं आली म्हैस?" असं म्हटलं की त्याच्या कानावर बरोबरचं दोनदा पडतं आणि गप्पाही चालू राहतात. दिवसातून दहा वेळा असं झालं तर माझ्या पंधरवड्यातल्या एका तासापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

गोष्ट सांगता न येणाऱ्या मुलासाठी शाळेतली खिचडी पुरते. जेवण झाल्यावर त्याला 'आज खिचडी कशी केली असेल, सांग' असं मोघम विचारू नका. 'का' आणि 'कसं' हे प्रश्न त्याच्यासाठी डोंगराएवढे असतात. दोन पर्याय द्या : "आधी तांदूळ टाकले, का आधी फोडणी दिली?" तो एक निवडेल. मग "मग?" आणि तीन बोटं. पहिलं बोट 'आधी', दुसरं 'मग', तिसरं 'शेवटी'. काही आठवड्यांनी तीन बोटांवर तो सहलीची हकिगतही सांगू लागतो. आणि गाण्याच्या भेंड्या! शब्दाचं शेवटचं अक्षर पकडून त्यावरून नवा शब्द आठवणं, हे वाचनाच्या आधी लागणारं कसब आहे, आणि आपल्या पोरांना ते खेळातून येतं. गाण्यांऐवजी नुसत्या शब्दांच्या भेंड्या लावा, म्हणजे मागे पडणाऱ्यालाही पाळी मिळते.

परिपाठाबद्दल मला स्वतंत्रपणे बोलायचं आहे. सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा हे सगळं रोज होतं, आणि बहुतेक शाळांत तीच चार-पाच चुणचुणीत मुलं पाळीपाळीने करतात. केंद्रप्रमुख भेटीला आले की त्यांनाच पुढे करतात. बोलण्याचा सराव ज्याला सर्वांत जास्त हवा, तो रांगेत शेवटी उभा. त्याला एकट्याला माइकसमोर उभं करा असं मुळीच म्हणत नाही. मित्राबरोबर जोडीने दिनविशेष वाचू द्या. नुसतं "आजचा वार सोमवार" एवढंच म्हणू द्या. आदल्या दिवशी सांगून ठेवा, म्हणजे घरी म्हणून बघता येतं.

अडखळणाऱ्या मुलांना जोडीने वाचणं तर फारच मानवतं. दोघांनी एकदम वाचलं की तीच मुलगी, तोच धडा, घडाघडा वाचते. तोतरेपणाचा हा नेहमीचा अनुभव आहे. म्हणून तिच्या पाळीला एकटीऐवजी जोडीने वाचन ठेवा. 'सावकाश बोल', 'श्वास घे', 'घाबरू नको' हे सल्ले प्रेमाने दिले तरी तिला एवढंच कळतं की आपलं बोलणं पुन्हा सगळ्यांच्या नजरेत आलं. तिचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. डोळ्यांत बघून थांबा, आणि ती काय म्हणाली त्याला उत्तर द्या, कशी म्हणाली त्याला नको. हजेरीला 'हजर'ऐवजी हात वर केला तर चालेल, हे सगळ्याच वर्गाला सांगून टाका, म्हणजे ती वेगळी पडत नाही. घरी भडाभडा बोलणारं आणि शाळेत वर्षभर एक अक्षरही न काढणारं मूलही असतं. त्याला चॉकलेटचं आमिष नको नि दटावणीही नको. एका मैत्रिणीच्या कानात कुजबुजण्यापासून सुरुवात होते.

इथे मी आपल्या दाराशी येते. 2021 साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात दुसरीच्या मुलाने मिनिटाला 45 ते 60 शब्द आणि तिसरीच्या मुलाने किमान 60 शब्द अचूक वाचावेत असं उद्दिष्ट आहे. वाचनाला गती हवी यात वाद नाही. पण मोबाइलवर घड्याळ लावून समोर बसलेले पाहुणे अधिकारी आणि समोर तोतरी मुलगी, हे दृश्य मी पाहिलं आहे. तिला प्रत्येक शब्द येत होता. अर्थ विचारला असता तर तिने चित्र काढून दाखवला असता. नोंद झाली ती मात्र 'वाचनात मागे' अशी, आणि पुढचे कित्येक दिवस तिने पुस्तक उघडायचं नाव काढलं नाही. अशा मुलांचं वाचन गतीने मोजू नये, मनात वाचायला देऊन प्रश्नांनी मोजावं, असं एक लेखी परिपत्रक हवं. आकारिक मूल्यमापनातल्या तोंडी कामाबाबतही तसंच. शिक्षकांना हे आज करावंसं वाटत नाही असं नाही, पण वरून विचारणा झाली तर दाखवायला कागद नसतो.

स्पीच थेरपिस्ट कमी आहेत हे मला माहीत आहे. मुंबईत वांद्र्याला 1983 पासून अली यावर जंग ही वाचा आणि श्रवण दिव्यांगत्वासाठीची राष्ट्रीय संस्था आहे, आणखीही महाविद्यालयं आहेत, पण शिकून बाहेर पडणारे आम्ही लोक बहुतेक मुंबई-पुण्यात दवाखाने थाटतो. प्रत्येक शाळेला एक थेरपिस्ट हे स्वप्न मी मागत नाही. शिबिराच्या मंडपात एका दिवसात दोनशे मुलं तपासण्यापेक्षा मला एक केंद्र, म्हणजे आसपासच्या शाळांचा एक गट, ठरवून द्या. ठरलेल्या वारी त्याच शाळांत येऊ द्या, मुलाला बाजूच्या खोलीत न नेता वर्गातच बाईंसमोर काम करू द्या. पुढच्या खेपेपर्यंत रोज दहा मिनिटं बाई किंवा आपले फिरते विशेष शिक्षक ते पुढे नेतील. या दहा मिनिटांना वेळापत्रकात जागा द्या. दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळून मतदार यादीपासून आधारपर्यंत सगळं करणाऱ्या गुरुजींना 'जमेल तेव्हा करा' म्हणणं म्हणजे करू नका म्हणणंच आहे.

आणि हात जोडून विनंती : यासाठी नवीन ॲप काढू नका. लिंक पाठवू नका, जिओटॅग केलेले फोटो मागू नका. शिक्षकांच्या रोजच्या वहीत मुलाच्या नावापुढे एक ओळ पुरेशी आहे, 'आज क शब्दात आला' एवढी. केंद्रप्रमुखांनी भेटीत ती ओळ वाचावी आणि त्या मुलाशी दोन मिनिटं गप्पा माराव्यात.

शाळा उर्वरित महाराष्ट्रात जूनच्या मध्यावर आणि विदर्भात जूनअखेर उघडतात. परिपत्रक त्याआधी निघालं तर केंद्रातल्या शिक्षकांच्या वर्षाच्या पहिल्याच बैठकीत, म्हणजे शिक्षण परिषदेत, हा विषय घेता येईल. परिषदेत दोन तास मिळाले तर कार्डं घेऊन मी यायला तयार आहे. मानधन नको, फक्त जेवणानंतरची वेळ देऊ नका, तेव्हा सगळे पेंगतात.

कळावे,

आपली,
तालुक्यांत फिरणारी एक स्पीच थेरपिस्ट